यूपीएसची नवीन बॅटरी आणि पहिले आठ तास

नेहमी इथे निपाणीच्या वखारी, बेळगावचा पाऊस, बँकेतले जुने साहेब असं काहीबाही लिहितो. आज आठवणींच्या जोडीला थोडं मतही मांडणार आहे. विषय ऐकून हसाल. घरच्या संगणकाच्या यूपीएसला नवीन बॅटरी बसवली की आधी ती पूर्ण भरावी, मगच तिच्या भरवशावर कामाला बसावं, असं माझं ठाम मत आहे. आणि बॅटरी विकणाऱ्यानं हे गिऱ्हाइकाला तोंडानं सांगावं, तारीख दाखवावी, जमलं तर मीटर लावून दाखवावं.

एवढ्याशा गोष्टीवर एवढं लिहायचं? लिहायचं. कारण आपल्या पिढीतल्या किती तरी घरांत आता दोघंच राहतात. पोरं पुण्याला, बंगळूरला, काही पार अमेरिकेत. रात्री नऊला नातवंडाचं तोंड दिसतं ते त्या संगणकावर. पेन्शनचं काम, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं त्यावरच. आणि बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून लागला की टिळकवाडीत एक फांदी पडते आणि तीन गल्ल्यांची लाईट जाते. अशा वेळी टेबलाखालचा तो काळा डबा पंधरा मिनिटं तग धरतो की अर्ध्या मिनिटात मान टाकतो, यावर बरंच काही ठरतं.

नवी वस्तू आणली की लगेच वापरायची नाही, ही शिस्त आपल्या घरात पूर्वी होतीच. नवीन माठ आणला की तो रात्रभर पाण्यानं भरून ठेवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, मग पिण्याचं पाणी भरायचं. नवीन बिडाचा तवा तेल लावून दोन-तीन दिवस मुरवायचा, मग त्यावर पहिला डोसा. दुकानदार काही म्हणो, आई ऐकायची नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र आपण दुकानदाराचं ऐकतो. तो म्हणतो, “काका, आजच लावा की. कंपनीतनं भरूनच येतंय बघा, काय होत नाही.” आणि आपण मान डोलावून घरी येतो.

कंपनीतून भरून येते, हे खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे. घरच्या लहान यूपीएसमध्ये, म्हणजे ६०० व्हीए वगैरे लिहिलेलं असतं त्यात, बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी असते. आत शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल. पाणी घालायची भानगड नाही म्हणून आपण तिला ‘मेंटेनन्स-फ्री’ म्हणतो आणि तिची काहीच काळजी घ्यायची नाही असा त्याचा अर्थ लावतो. ही बॅटरी नुसती फळीवर पडून असली तरी थोडी थोडी रिकामी होत जाते. थंड जागेत महिन्याला दोन-तीन टक्के, उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात त्याहून बरंच जास्त. ठेव मोडली नाही तरी दर महिन्याला चार्जेस कापून जातात, तसं हे. कारखान्यातून गोदाम, तिथून मोठा व्यापारी, तिथून आपला दुकानदार, या प्रवासात सहा महिने सहज जातात. कधी वर्ष. म्हणून सहा महिन्यांच्या आत पुन्हा एकदा चार्ज द्यावा असं बनवणारेच सांगतात. तो दुकानात कोण देतो?

वाईट गोष्ट पुढे आहे. शिशाची बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर जमलेलं शिशाचं सल्फेट कडक होत जातं. ताजं असताना ते चार्ज दिला की विरघळून परत मूळ रूपात येतं. जुनं झालं की येत नाही. तेवढा पट्टीचा भाग कायमचा बाद. बाहेरून बॅटरी नवी कोरी, स्टिकर चकचकीत, पण आतून निम्मी गेलेली.

आता आमच्या निपाणीच्या एका गुरुजींची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मुलानं जुना संगणक दिला तेव्हापासून ते रोज दुपारी लिहायला बसायचे. एका बोटानं मराठी टाइप करायचे, तासाला पाऊण पान. विषय होता निपाणीच्या तंबाखूच्या वखारी. त्यांची आई वखारीत कामाला होती. तिच्या बरोबरीनं बसणाऱ्या बायका कोण, कुठल्या गावच्या, कुणाचा नवरा कुठं, कोण कुणाला काय नावानं हाक मारायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आणि फक्त त्यांच्याच डोक्यात होतं. जुलै महिना होता. यूपीएसची जुनी बॅटरी गेली म्हणून त्यांनी नवी आणवली. पोरगा आला, दोन वाजता बसवून गेला, “लगेच वापरा गुरुजी” म्हणाला. गुरुजी बसले. चारच्या सुमारास आभाळ भरून आलं, लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागला. पाऊस आत येतोय म्हणून गुरुजी खिडकी लावायला उठले. वळून बघतात तो पडदा काळा.

दोन तासांचं लिखाण गेलं. दीड पान. मी त्यांना फोनवर म्हटलं, परत लिहा. ते म्हणाले, “अरे, नावं त्या वेळी ओळीनं येत होती. आता सात आठवतात, पुढची येत नाहीत.” आपल्या वयाच्या माणसाला यातलं दुःख समजावून सांगायला नको. पुढे मी निपाणीला गेलो तेव्हा ती बॅटरी उलटी करून तारीख बघितली. सोळा महिन्यांपूर्वीची. दुकानात विचारायला गेलो तर उत्तर काय? “वापरण्यात चूक झाली असेल.” वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख चालते, बनवल्याची नाही. बॅटरी शेवटी बदलून मिळाली, पण दोन महिन्यांनी. गुरुजी तोपर्यंत लिहायचे थांबले होते.

कुणी म्हणेल, मध्ये मध्ये सेव्ह करायला काय झालं होतं? माझा नातूही हेच म्हणाला. बरोबर आहे त्याचं. आता बरेच प्रोग्रॅम आपोआप जपून ठेवतात, गुरुजींच्या संगणकात तसं काही नव्हतं. पण मग यूपीएस घ्यायचाच कशाला? मोटारीला पट्टा आहे म्हणून ब्रेक नसला तरी चालेल असं कुणी म्हणत नाही. नातवाचं दुसरं म्हणणं, “आजोबा, लॅपटॉप घ्या, कटकटच नको.” मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना तो टीचभर पडदा आणि चपटी बटणं मानवत नाहीत हे त्याला पन्नास वर्षांनी कळेल. शिवाय लॅपटॉप चालू राहिला तरी इंटरनेटचा डबा बंद पडतोच. तो यूपीएसवरच लावलेला असतो.

आम्ही बँकवाले बॅटरीच्या बाबतीत जरा कडक, त्याला कारण आहे. बँकांच्या संगणकीकरणासाठी रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा, दुसरा १९८९ चा. प्रत्यक्षात आमच्याकडे लेजर पोस्टिंगची मशीनं आली ती त्यानंतर हळूहळू. त्यांच्यासोबत एक वेगळी खोली आली. बॅटऱ्यांची खोली. लाकडी रॅकवर ओळीनं मोठाल्या बॅटऱ्या, आम्लाचा वास, खिडकीला एक्झॉस्ट पंखा. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो म्हणून तिथे विडी-काडी बंद. शिपाईमामांनी आठवड्यातून एकदा हायड्रोमीटर बुडवून आकडे घ्यायचे, रजिस्टरात लिहायचे, आणि मी सही करायची. काही जण खोलीत न जाताच मागच्या आठवड्याचे आकडे उतरवायचे, ते ओळखायला मला फार वेळ लागला नाही. सगळे आकडे सारखे आले की समजायचं.

नवीन बॅटऱ्यांचा संच आला की इंजिनिअर शनिवारी यायचा. तेव्हा शनिवार अर्धा दिवस असायचा. कॅश मिळवून झाली, गिऱ्हाईक गेलं की तो चार्जिंगला लावायचा, आणि सोमवारी सकाळी आकडे बघून मगच संच कामाला जोडायचा. तोवर कुणी हात लावायचा नाही. एकदा एका नव्या साहेबांनी घाई केली, “आजच जोडा, मला रिपोर्ट पाठवायचाय.” इंजिनिअर शांतपणे म्हणाला, “साहेब, लेखी द्या.” साहेब गप्प बसले. त्या काळी दिवसअखेरीचं पोस्टिंग चालू असताना लाईट जाणं म्हणजे काय, हे ज्यानं रात्री अकरापर्यंत बसून परत सगळी व्हाउचरं टाकली आहेत त्यालाच माहीत.

आपल्या भागात विजेचं गणित आणखी एका कारणानं वेगळं. मी बी. कॉम. झालो देवचंद कॉलेजातून. घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुका, महाराष्ट्र. चालत चालत राज्य बदलायचं. वीज मंडळंही दोन. इकडं केईबी, पुढे २००२ पासून हेस्कॉम. तिकडं एमएसईबी. कधी इकडं अंधार आणि तिकडं झगमगाट, तर दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला तिकडच्या भारनियमनानं पाहुणे हैराण, आणि कोगनोळीच्या अलीकडे आम्ही जरा बरे. लग्नकार्याला जमलो की पहिला प्रश्न, “तुमच्याकडं लाईट किती वेळ असती?” ज्या जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्याच्या जोरावर १८८७ पासून सूतगिरणी चालली, त्या जिल्ह्यातली आम्ही माणसं मेणबत्ती आणि काडेपेटी कुठल्या कोनाड्यात आहे हे डोळे मिटून सांगू शकतो. वडगाव-खासबागला माग थांबले की गल्लीतला खटखटाट बंद व्हायचा, त्यावरून लाईट गेल्याचं समजायचं.

आता मुद्द्याचं. पहिला चार्ज कसा द्यावा याबद्दल आपल्यात दोन टोकाची मतं दिसतात. एक, काही गरज नाही. दुसरं, चोवीस तास संगणकाला हातच लावायचा नाही, नाहीतर बॅटरी ‘मरते’. मला दोन्ही पटत नाहीत.

यूपीएसच्या आतला चार्जर फार लहान असतो. ताशी एक अँपिअर किंवा त्याहून कमीच देतो. सात अँपिअर-तासाची बॅटरी त्यानं भरायची म्हणजे सहा ते आठ तास लागणारच. त्यातही सुरुवातीला भराभर भरते आणि शेवटचा थोडा भाग भरायला फार वेळ घेते. शेवटाचं हे भरणं घाईत सोडून दिलं की बॅटरी कायम थोडी उपाशी राहते. म्हणून पुस्तिकेत आठ तास लिहिलेले असतात, काही बनवणारे त्याहून जास्त सांगतात. आपल्या यूपीएसच्या पुस्तिकेत जे लिहिलंय ते धरा. ती पुस्तिका इंग्रजीत असते आणि मुंगीच्या अक्षरात असते हे खरं. विजेचं बिल कानडीत, पुस्तिका इंग्रजीत, दुकानदार बोलतो मराठीत आणि नेमकं तेच सांगत नाही. मला कानडी वाचता येतं, इंग्रजीही. पण शेजारच्या काकूंनी काय करायचं? बॅटरीच्या खोक्यावर ‘प्रथम आठ तास चार्ज करा’ एवढे पाच शब्द मराठी-कानडीत छापायला किती शाई लागते?

आठ तासांत संगणक लावायचाच नाही का? लाईट असताना लावला तर काही बिघडत नाही. तेव्हा संगणक भिंतीतल्या विजेवर चालतो, बॅटरी आपली बाजूला भरत असते. प्रश्न येतो तो लाईट गेल्यावर. अर्धवट भरलेली बॅटरी पार तळापर्यंत उपसली जाते, आणि नव्या बॅटरीच्या आयुष्याची सुरुवातच त्या ओढाताणीनं होते. म्हणून त्या दिवशी महत्त्वाचं काम नको, एवढंच माझं म्हणणं. पत्ते खेळायचे तर खेळा.

रात्रभर लावून ठेवा असं बरेच जण सांगतात. मी म्हणतो दिवसा लावा. सकाळी देवपूजा झाली की लावायची, दिवेलागणीला झाली. त्या दिवशी ‘तरुण भारत’मध्ये देखभालीसाठी आपल्या भागातली वीज बंद असल्याची बातमी नाही ना, तेवढी बघून घ्यायची. दिवसा माणूस घरात हिंडता असतो. तासाभरानं हात लावून बघता येतो. कोमट लागली तर ठीक. चटका बसेल इतकी गरम झाली, पोट फुगलं, कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर बंद करून दुकानात परत. यूपीएसचं पुढचं बटण बंद असलं तरी भिंतीतला स्विच चालू असला की बहुतेक मॉडेल चार्ज होतात, पण सगळी नाही, ते एकदा विचारून घ्या. नव्या यूपीएसमध्ये तर बॅटरीची एक वायर मुद्दाम काढून ठेवलेली असते, प्रवासात उतरू नये म्हणून. ती जोडायची राहिली तर आठ तास काय, आठ दिवस लावा. आणि मोटारीच्या बॅटरीवाल्याकडे नेऊन ‘पटकन’ चार्ज करून आणायची हुशारी तर अजिबात नको. बंद बॅटरीला तो जोराचा चार्ज सोसत नाही.

एक गोंधळ मोबाईलमुळे झालाय. पूर्वी कॉर्डलेस फोन आला तेव्हा त्यातल्या निकेलच्या बॅटऱ्या पहिल्यांदा रात्रभर चार्ज कराव्या लागत. ती सवय आपण मोबाईलला लावली. मोबाईलमधली लिथियमची बॅटरी वेगळ्या जातीची, तिला अर्धी भरलेली असतानाच बरं वाटतं, पहिल्या दिवसाचे आठ तास तिला नकोत. मग पोरांनी आपल्याला हसून सांगितलं, “तसं काही नसतं आता.” आणि ते उत्तर आपण यूपीएसलाही लावून मोकळे झालो. पण शिशाच्या बॅटरीचा स्वभाव काही बदललेला नाही. १८५९ मध्ये प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं ती पहिल्यांदा बनवली, तेव्हा पट्ट्या तयार व्हायला तो महिनोन्‌महिने चार्ज देत आणि उतरवत बसायचा. आता ते काम कारखान्यात होतं. आपल्या वाट्याला फक्त आठ तास आले आहेत.

खर्चाचं म्हणाल तर मी बँकवाला, हिशोब करून ठेवलाय. १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॉट-तास. जाता-येताची गळती धरली तरी युनिटचा सहावा-सातवा हिस्सा. २०२३ पासून गृहज्योतीत ज्यांचं बिलच येत नाही त्यांना तेही नाही. आणि समोर काय? हजाराच्या आसपासची बॅटरी, जी नीट वापरली तर तीनेक वर्षं जाते आणि हेळसांड केली तर पहिल्या पावसाळ्यातच दमते.

नवीन घेताना अंगावरची तारीख वाचा. आकडे सांकेतिक असतात, दुकानदाराला वाचून दाखवायला लावा. तीन-चार महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम. मीटर असेल तर लावायला सांगा. साडेबारा व्होल्टच्या वर हवी, बारा साडेआठ दाखवली तर भरलेली समजा, बाराच्या खाली असेल तर हात जोडून परत द्या. मी हे सांगितलं की दुकानातला पोरगा तोंड वाकडं करतो. करू दे. एफडीची पावती आपण तारीख न बघता घेतो का?

आपल्या मंडळींची आणखी एक सवय. पोराकडं तीन महिने जायचं म्हटलं की गॅसचा कॉक, पाण्याचा नळ आणि घराचा मेन स्विच, तिन्ही बंद. परत येतात तेव्हा यूपीएस मेलेला. मेन बंद झाला की तो बॅटरीवर जातो, ती पार तळाला जाते आणि तशीच तीन महिने पडून राहते. जायच्या आदल्या दिवशी पूर्ण भरू द्या, मग यूपीएस बंद करा, जमत असेल तर बॅटरीची एक वायर काढायला सांगा. आल्यावर परत आठ तास. कपाटात कोंडूनही ठेवू नका तो डबा. उष्णता त्याची मोठी वैरी, साधारण दहा अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येतं असं धरतात. आपलं बेळगाव त्या मानानं थंड, निपाणीवाल्यांनी एप्रिल-मेत जास्त जपावं.

राहिली जुनी बॅटरी. ती माळ्यावर टाकू नका, भंगारवाल्याच्या गाड्यावरही नको. तो ती फोडतो, आम्ल गटारात जातं आणि शिसं मातीत. दोन-अडीच किलोचा तो ठोकळा विकणाऱ्यानं परत घेतला पाहिजे, असे नियम देशात २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये ते नव्यानं आले. नवीन घेताना जुनी पुढे करा, तिचे पैसे किमतीतून वजा करून घ्या, आणि वजा केल्याचं बिलावर लिहून घ्या.